श्वास घ्यायला सांगण्याआधी विचारा

शास्त्रभाग: योहान ५:१-९ आणि १ राजे १९:१-९



दरवर्षी २१ जून जवळ आला की आपल्या मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर तोच वाद सुरू होतो. ख्रिस्ती माणसाने योग करावा की करू नये? दोन दिवस वचनांची देवाणघेवाण होते, मग पाळकसाहेब "आता पुरे" असे लिहितात आणि विषय पुढच्या जूनपर्यंत बंद होतो. यंदा मात्र तो माझ्या मनातून गेला नाही, कारण यंदा प्रश्न विचारणारे माणूस घरचे होते.

माझी मावसबहीण, आम्ही सगळे तिला ताई म्हणतो, धार जिल्ह्यात कुक्षीच्या बाजूला एका सरकारी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. धार आणि देवास ही पवारांची संस्थाने. त्यांच्याबरोबर आणि त्यांच्यामागून गेलेली मराठी घरे माळव्यात आजही आहेत. मावशीचे ख्रिस्ती घर त्यांतलेच एक. ताईला सांगण्यात आले की, शाळेतल्या मुलांच्या आणि शिक्षकांच्या मनःस्वास्थ्यासाठी 'ट्रॉमा-इन्फॉर्म्ड योगा'चे प्रशिक्षण घ्यायचे आहे. तिने गटावर चार ओळी लिहिल्या. काय करू, समजत नाही, प्रार्थना करा.

संध्याकाळपर्यंत उत्तरांची रांग लागली. काहींनी लिहिले की हे सैतानाला दार उघडणे आहे, नोकरी गेली तरी चालेल पण नकार दे. काहींनी लिहिले की एवढे काय त्यात, नुसता व्यायाम आहे, करून टाक. तिसऱ्या गटाने युक्ती सुचवली की ओमच्या जागी येशूचे नाव घे, तेवढीच सुवार्ता पोहोचेल. पण ताई, तुझी शाळा कशी आहे, मुले कशी आहेत, तू स्वतः कशी आहेस, हे एकानेही विचारले नाही. मीही नाही.

म्हणून हा लेख. मला तिन्ही गटांशी भांडायचे आहे, आणि शेवटी स्वतःशीही.

हा प्रकार आहे तरी काय

आधी शब्द समजून घेऊ. ट्रॉमा म्हणजे मनावरचा घाव. मार, अत्याचार, जवळच्या माणसाचा मृत्यू, घर सोडावे लागणे, उपासमार, अशा गोष्टींनी तो होतो. प्रसंग संपतो, पण शरीराला ते कळत नाही. धोक्याच्या वेळी छाती धडधडते, स्नायू आवळले जातात, श्वास वर अडकतो. घाव बसलेल्या मुलाचे शरीर पुढे कित्येक महिने त्याच तयारीत राहते. कुणी मागून हात लावला, कुणी मोठ्याने ओरडले, दार आपटले, की ते मूल पुन्हा त्या जुन्या जागी जाऊन पोहोचते. वर्गात असे मूल तीन प्रकारे दिसते. एक सतत भांडते, एक झोपते, आणि एक दगडासारखे बसून राहते. आपण पहिल्याला उर्मट म्हणतो, दुसऱ्याला आळशी म्हणतो, आणि तिसऱ्याला शहाणे म्हणतो.

अमेरिकेत बॉस्टनजवळ डॉ. बेसेल व्हॅन डर कोल्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा लोकांसाठी योगाची एक वेगळी रीत बसवली. २०१४ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दीर्घकाळच्या आघाताने आजारी आणि उपचारांना दाद न देणाऱ्या ६४ स्त्रियांपैकी निम्म्या जणींना १० आठवडे या रीतीने योग शिकवला. शेवटी योगाच्या गटातल्या जवळपास निम्म्या स्त्रिया त्या आजाराच्या व्याख्येतून बाहेर आल्या. दुसऱ्या गटात हे प्रमाण साधारण पाचात एक इतकेच होते.

पण ही रीत कोणती होती, ते नीट पाहा. तिथे शिकवणारी व्यक्ती हुकूम देत नाही. "हात वर करा" असे म्हणत नाही, "वाटले तर हात वर न्या" असे म्हणते. कुणाच्या अंगाला हात लावून आसन 'बरोबर' करून देत नाही. डोळे मिटायलाच हवेत असे नाही. दार उघडे असते. मध्येच थांबायची आणि नुसते बसून राहायची मुभा असते. ज्या माणसाच्या शरीरावर दुसऱ्याने जबरदस्ती केली, त्याला आपल्या शरीराचा मालक आपणच आहोत हे पुन्हा कळावे, एवढाच हेतू. यातले आसन बाजूला काढले तरी रीत थोडीफार उरेल. विचारणे काढले तर काहीच उरत नाही.

हेही लक्षात ठेवा की त्या प्रौढ स्त्रिया होत्या, शिकवणारे त्याच कामात मुरलेले होते, आणि सोबत त्यांचे इतर उपचारही चालू होते. त्यावरून तीन दिवसांचे प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षिकेने मैदानावर रांगा लावून मुलांचे घाव बरे करावेत, असा निष्कर्ष काढता येत नाही.

ताईच्या शाळेतला श्वास

त्या रात्री मी ताईला फोन केला आणि उशिरा का होईना, विचारले. ती बराच वेळ बोलली.

तिच्या भागात भिल्ल आणि भिलाला समाजाची वस्ती आहे. पेरणी आटोपली की आईबाप गुजरातेत मजुरीला जातात. काही मुले बरोबर जातात, काही आजीजवळ राहतात. दिवाळीनंतर हजेरीपट अर्धा रिकामा दिसतो. देवास जिल्ह्यातल्या बागली तालुक्याच्या आदिवासी पट्ट्यातल्या शिक्षकांशी बोललात तर तेही हेच सांगतील, असे ती म्हणाली.

नर्मदेच्या काठावर वेगळे दुःख. २०१९ साली सरदार सरोवर धरण प्रथमच १३८.६८ मीटर इतके पूर्ण भरले आणि धार जिल्ह्यातली निसरपूर, चिखल्दा यांसारखी गावे पाण्याखाली गेली. घर बुडताना पाहिलेली मुले आज वरच्या वर्गांत आहेत.

आणि मग ताई खोकल्याबद्दल बोलली. अलीराजपूर, झाबुआ आणि धार या जिल्ह्यांतले मजूर गुजरातेत गोध्रा, बालासिनोर इथल्या दगड दळण्याच्या कारखान्यांत कामाला जात. गारगोटीसारख्या दगडाची ती पिठासारखी बारीक धूळ फुफ्फुसात बसते आणि फुफ्फुस हळूहळू घट्ट होते. त्याला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा होत नाही. धडधाकट गेलेला माणूस परत येतो, आणि त्याला चार पावले चालताना धाप लागते. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये द्यावेत, असा आदेश गुजरात सरकारला दिला. हे फक्त नोंदवलेले मृत्यू.

ताई म्हणाली, "अगं, मुलांना 'खोल श्वास घ्या' म्हणायचं आहे मला. समोर असं एक पोर बसलेलं असतं, ज्याचा बाप श्वास घेता घेता गेला. मी त्याला काय सांगू?"

प्रियांनो, या प्रश्नाला आपल्या गटावरचे एकही उत्तर लागू पडत नाही.

पहिले भांडण: 'सैतानाचे दार' म्हणणाऱ्यांशी

तुमच्या म्हणण्यातले खरे आधी मान्य करते. सूर्यनमस्कारात सूर्याची नावे घेतली जातात. ज्याला एकाच देवापुढे नमायचे आहे, त्याच्या विवेकाला ते जड जाते. हा हट्ट नव्हे. आपली राज्यघटनाही तो मानते. अनुच्छेद २८ प्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेतही विद्यार्थ्याला, तो अज्ञान असेल तर पालकाला, विचारल्याशिवाय धार्मिक शिक्षणात वा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. केरळमधल्या यहोवा विटनेस पंथाच्या तीन भावंडांनी राष्ट्रगीताला आदराने उभे राहूनही ते गायले नाही, म्हणून त्यांना शाळेतून काढले होते. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले. २००७ साली मध्य प्रदेशात शाळांमधून सामूहिक सूर्यनमस्कार सुरू झाले, तेव्हाही प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि मुलांवर त्याची सक्ती करता येणार नाही, असे ठरले.

पण श्वास कुणाचा? उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देवाने मातीच्या माणसाच्या नाकपुड्यांत फुंकलेला श्वास कुठल्या एका धर्माच्या मालकीचा आहे? पाठ ताणणे, पाय पसरून बसणे, सावकाश श्वास सोडणे यांवर सैतानाचा शिक्का मारायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? व्हॅटिकनने १९८९ साली बिशपांना लिहिलेल्या पत्रात सावध केले होते की शरीराला वाटलेली स्वस्थता म्हणजेच पवित्र आत्म्याचे कार्य, असे समजू नका. इशारा योग्यच आहे. पण दुसऱ्या धर्मांतून आलेले सगळेच सरसकट टाकून द्या, असे त्याही पत्रात म्हटलेले नाही. आणि आपण मराठी ख्रिस्ती लोकांनी तरी असे कसे म्हणावे? रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी कीर्तन आणि अभंग ख्रिस्ताच्या चरणी आणले. आज टाळ-मृदंगावर भजन म्हणताना ते कुठून आले, हे आपल्यापैकी कोण विचारतो?

इतिहासही थोडा पाहा. सूर्यनमस्कार शाळांतल्या मुलांचा रोजचा व्यायाम म्हणून रुजवला तो आपल्याच साताऱ्याकडच्या औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, गेल्या शतकाच्या पूर्वार्धात. १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन करून स्वामी कुवलयानंदांनी आसने आणि प्राणायाम प्रयोगशाळेत तपासायला घेतले. म्हणजे शाळेतल्या योगात धर्म आहे, कवायत आहे आणि शरीरशास्त्रही आहे. ते वेगळे करता येतात. मूर्तीला दाखवलेल्या अन्नाबद्दल पौलाने करिंथच्या मंडळीला जे लिहिले (१ करिंथ ८), त्याचा सारांश असा की अन्नाने आपण देवाच्या जवळही जात नाही आणि दूरही जात नाही, पण दुसऱ्याच्या दुबळ्या विवेकाला जखम करू नका. पौलाचे लक्ष ताटापेक्षा समोरच्या माणसाकडे होते. आपले लक्ष ताटावरच आहे.

दुसरे भांडण: 'नुसता व्यायाम' म्हणणाऱ्यांशी

तुम्ही समंजस वाटता, पण तुमचे उत्तर मला जास्त धोक्याचे वाटते. 'नुसता व्यायाम' असेल तर सगळ्यांना करायला लावायला काय हरकत, इथे तुम्ही पोहोचता. मग शिट्टी वाजते, रांगा लागतात, "डोळे मिटा, हलू नका" असा हुकूम सुटतो, फोटो निघतो आणि वर पाठवला जातो.

ज्या मुलीवर घरात कुणी जबरदस्ती केली आहे, तिला 'जमिनीवर आडवी हो, डोळे मीट, शांत पडून राहा' हा हुकूम काय वाटत असेल? ती मुकाट्याने पडून राहील. तुम्ही म्हणाल, किती छान शांत झाली. ती शांत झालेली नाही. पूर्वी वाचण्यासाठी जे केले तेच ती पुन्हा करते आहे.

आघाताचे भान ठेवणारा योग आणि सक्तीचा योग हे एकाच गोष्टीचे कमीजास्त प्रकार नव्हेत. ते एकमेकांच्या उलट आहेत. प्रशिक्षणाच्या कागदावर 'ट्रॉमा-इन्फॉर्म्ड' लिहिले आणि मैदानावर सक्तीच केली, तर नुसता शब्द नवा झाला, घाव तोच राहिला.

तिसरे भांडण: 'येशूचे नाव घे' म्हणणाऱ्यांशी

तुमच्याशी बोलताना मला दुःख होते, कारण तुमचा हेतू प्रेमाचा आहे हे मला ठाऊक आहे. पण विचार करा. सरकारी शाळा. समोर भिल्लांची सात-आठ वर्षांची मुले, ज्यांना उठून जायची सोय नाही. त्यांच्या श्वासाबरोबर, त्यांच्या आईबापांना न विचारता, तुम्ही आपल्या प्रभूचे नाव त्यांच्या तोंडी घालायला सांगता. उद्या आपल्या मुलाच्या तोंडी कुणी असेच दुसरे नाव घातले तर आपण घटना काढून दाखवू. लोकांनी आपल्याशी जसे वागावे असे वाटते तसे आपण वागावे, ही प्रभूची आज्ञा (मत्तय ७:१२) फक्त बहुसंख्यांसाठी आहे काय?

आमचा विवेक दुखवू नका असे म्हणायचा आपल्याला हक्क आहे. पण तो हक्क आपण दुसऱ्याच्या मुलाला देत नसू, तर तो विवेक नव्हे, नुसता आपला गट आहे.

आता स्वतःशी

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मी संडे स्कूलमध्ये लहान मुलांचा वर्ग घेत होते. शेवटच्या प्रार्थनेला मी नेहमीप्रमाणे म्हटले, "हात जोडा, डोळे मिटा." एक नवीन मुलगी डोळे मिटेना. मी दोनदा सांगितले. मग प्रेमानेच, मागून जाऊन, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने तिचे डोळे झाकले. ती किंचाळली. बाकाखाली शिरली आणि आई येईपर्यंत बाहेर आली नाही. मला राग आला होता. प्रार्थनेच्या वेळी असा गोंधळ! तिच्या आईने पुढे कधीतरी मला जे सांगितले ते मी इथे लिहिणार नाही. एवढेच सांगते की त्या मुलीकडे डोळे उघडे ठेवायला कारण होते, आणि मी एकदाही ते विचारले नव्हते.

त्या दिवशी तिथे ना ओम होता, ना सूर्यनमस्कार. येशूचे नाव होते आणि माझा हात होता.

आपल्यापैकी किती जण मिशनच्या शाळांत आणि वसतिगृहांत वाढले! ते उपकार मी विसरत नाही. पण गुडघे सुजेपर्यंत प्रार्थनेला बसवणे, वचन पाठ नाही म्हणून छडी, हेही आपण हसत हसत आठवतो, जणू ते आशीर्वादच होते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी घातली. कायद्याने सांगण्याआधी शुभवर्तमानाने आपल्याला ते सांगायला नको होते काय?

प्रभूकडे पाहा. बेथेस्दाच्या तळ्याकाठी अडतीस वर्षे पडून असलेला माणूस. प्रभूला त्याची अवस्था ठाऊक होती. तरीही आधी त्याने विचारले की तुला बरे व्हायचे आहे का. यरीहोच्या रस्त्यावर आंधळा बार्तीमय ओरडत होता. त्याला काय हवे ते कुठल्याही पोराने सांगितले असते. तरीही प्रभूने विचारले की मी तुझ्यासाठी काय करावे, अशी तुझी इच्छा आहे (मार्क १०:५१). सर्व सामर्थ्य ज्याच्या हाती, तो मोडलेल्या माणसाच्या अंगाला हात लावण्याआधी त्याची इच्छा विचारतो. आणि आपण, ज्यांच्या हाती एक शिट्टी किंवा एक छडी आहे, विचारायचे विसरतो.

शिक्षिकेलाही विचारा

हे प्रशिक्षण शिक्षकांच्याही स्वास्थ्यासाठी आहे, म्हणे. चांगले आहे. मी ताईला विचारले, तुला कशाने बरे वाटेल? ती हसली आणि म्हणाली, "अजून एक शिक्षक मिळाला तर."

ती पहिली ते पाचवी एकटी शिकवते. कायद्याप्रमाणे प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत. त्याच कायद्याच्या कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज बिगरशैक्षणिक कामाला शिक्षकांना लावता येत नाही. प्रत्यक्षात आज हे सर्वेक्षण, उद्या ती माहिती ऑनलाइन भरणे, परवा बैठक, मध्ये मध्यान्ह भोजनाचा हिशोब. ज्या दिवशी ती जाते त्या दिवशी शाळेत कुणी नसते. अशा बाईला कुणी "दहा मिनिटे श्वासाकडे लक्ष द्या" म्हटले, तर तिला रडू येईल की हसू?

मध्य प्रदेशाने २०१६ साली देशात प्रथमच आनंदासाठी स्वतंत्र विभाग काढला. आनंदाला माझा विरोध नाही. पण यिर्मयाने आपल्या काळच्या पुढाऱ्यांवर जो आरोप केला (यिर्मया ६:१४) तो मला आठवतो. लोकांची जखम ते वरवर बरी करतात आणि शांती नसताना शांती आहे म्हणून सांगतात. रिकामी जागा भरायची नाही आणि त्या जागेचा ताण सोसणाऱ्याला ताण सोसायला शिकवायचे, याला वरवरची मलमपट्टी नाही तर काय म्हणायचे?

एलीयाचे काय झाले ते पाहा. रतामाच्या झुडपाखाली तो पडला आणि देवाला म्हणाला की आता माझा प्राण घे. देवाने त्याला उपदेश केला नाही. विश्वासात कमी पडलास, असे म्हटले नाही. झोपू दिले. दूताने उठवून भाकर आणि पाणी दिले. पुन्हा झोपू दिले, पुन्हा खायला दिले, कारण पुढचा प्रवास त्याच्या शक्तीबाहेरचा होता. तो मंद, हळुवार आवाज नंतर आला. तू इथे काय करतोस, हा प्रश्नही नंतर आला. आधी भाकर.

धारमध्ये आपल्या पूर्वीच्या लोकांना हे कळले होते. कॅनेडियन प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉ. मार्गारेट ओहारा १८९० च्या दशकात तिथे गेल्या. १८९९-१९०० चा दुष्काळ, ज्याला तिकडे छप्पन्नचा दुष्काळ म्हणतात, त्यांच्या डोळ्यांदेखत झाला. मिशनने तेव्हा अनाथ मुले सांभाळली, ती आधी अन्न आणि औषध देऊन.

देवासचीही एक गोष्ट सांगते, ती ख्रिस्ती नाही म्हणून कुणी रागावू नये. कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाने आजारी होऊन देवासला आले. डॉक्टरांनी गाणे बंद करायला सांगितले. अशा गवयाला आपण काय म्हटले असते? हिंमत धर, गा, बरा होशील? त्यांना बरीच वर्षे गप्प राहावे लागले. औषध मिळाले, पत्नी भानुमतींनी शुश्रूषा केली, आणि अंथरुणावर पडल्यापडल्या ते माळव्याची लोकगीते ऐकत राहिले. मग ते पुन्हा गायले, उरलेल्या श्वासाच्या मापाने, छोट्या छोट्या ताना घेत. श्वास परत आला तो विश्रांतीने, औषधाने, माणसाने आणि वेळेने. हुकमाने आला नाही.

मग करायचे काय

मी ताईला सांगितले ते इथे लिहिते. चुकत असेन तर वडीलमंडळींनी दुरुस्त करावे.

प्रशिक्षणाला जा. घावाबद्दल शिकवतील ते नीट शिक, ते आपल्यापैकी बऱ्याच जणांना येत नाही. मंत्र म्हणावा लागला तर नम्रपणे नाही म्हण, तो तुझा हक्क आहे. शाळेत परत आलीस की मुलांना पर्याय दे. करायचे असेल तर करा, पाहायचे असेल तर पाहा, बाहेर निंबाखाली बसायचे असेल तर बसा. कुणाचेही डोळे मिटवू नकोस. कुणाच्याही अंगाला न विचारता हात लावू नकोस. कुठल्याही देवाचे नाव घेऊ नकोस, आपल्याही नाही. तुझी प्रार्थना तू शाळेला निघण्याआधी घरी कर. ज्या मुलाचा घाव तुझ्या आवाक्याबाहेरचा वाटेल, त्याला आसनांवर सोडू नकोस, डॉक्टरकडे पोहोचव. आणि दुसऱ्या शिक्षकाची मागणी लेखी कर, प्रत जवळ ठेव.

आपल्या मंडळीलाही माझे मागणे आहे. संडे स्कूलमध्ये "डोळे मिटा" हा हुकूम बंद करू या. ज्याला मिटायचे तो मिटेल, देवाला उघड्या डोळ्यांचीही प्रार्थना ऐकू येते. आपल्या शाळांत इतर धर्मांच्या मुलांना प्रार्थनेला बसवण्याआधी पालकांना खरोखर विचारले जाते का, हे पाहू या. शिक्षक असलेल्या आपल्या प्रत्येक सभासदाला या महिन्यात एकदा भेटून विचारू या की तुम्ही कसे आहात, आणि उत्तर ऐकेपर्यंत बसू या. वचन नंतर सांगू. आणि सिलिकोसिसने गेलेल्यांच्या घरांसाठी जे लोक नुकसानभरपाईचे अर्ज भरून देतात, कचेऱ्यांच्या पायऱ्या चढतात, ते आपल्या धर्माचे असोत वा नसोत, त्यांच्यासाठी दर रविवारी नावानिशी प्रार्थना करू या. गेलेला श्वास कुणी परत देऊ शकत नाही, पण मागे राहिलेल्यांना न्याय मिळाला तर त्यांना थोडा मोकळा श्वास घेता येतो.

गेल्या आठवड्यात ताईचा फोन आला. तिने मुलांना विचारून सुरुवात केली आहे. पहिल्या दिवशी काही मुले बाहेर निंबाखाली जाऊन बसली. त्यांत तो मुलगाही होता, ज्याचा बाप खोकून गेला. पाचव्या-सहाव्या दिवशी तो उंबऱ्यावर येऊन बसला. ताईने त्याच्याकडे पाहिले, पण 'आत ये' म्हटले नाही. तो अजून उंबऱ्यावरच बसतो. दुसऱ्या शिक्षकाची जागा अजून रिकामी आहे. अर्जाची प्रत तिने जपून ठेवली आहे.

प्रार्थना करू या, डोळे मिटून किंवा उघडे ठेवून.

हे प्रभू येशू, तू बेथेस्दाच्या माणसाला आणि बार्तीमयाला आधी विचारलेस. आम्ही तुझ्या नावाने पुष्कळांना न विचारता हात लावला, त्याबद्दल आम्हाला क्षमा कर. धार आणि देवासच्या पाड्यांवरच्या लेकरांना, आणि त्यांना एकट्याने शिकवणाऱ्यांना, आज पुरेल एवढी भाकर आणि झोप दे. त्यांचा श्वास हिरावून घेणाऱ्यांना न्यायासमोर उभे कर. आणि आम्हाला आधी विचारायला आणि मग ऐकायला शिकव. आमेन.